‘कोणाचा’ विचारायचे असते तेव्हा : इंग्रजीतील ‘हूज’ची नीट ओळख

सोलापुरात एखाद्या दुकानाच्या दारात कोणी सायकल आडवी लावून गेले, तर ती कोणाची आहे हा प्रश्न किमान चार भाषांत विचारला जाऊ शकतो. मराठी दुकानदार ‘ही सायकल कोणाची?’ असे विचारील, पूर्वभागातला तेलुगू भाषक विणकर ‘ई सैकिल एवरिदि?’ म्हणेल, अक्कलकोटच्या बाजूने आलेला कन्नड भाषक ‘ई सैकल यारदु?’ असे विचारील आणि उर्दू किंवा हिंदी बोलणारा ‘ये सैकल किसकी है?’ म्हणेल. रोजच्या व्यवहारात या भाषांमधून सहज ये-जा करणारी माणसेही हाच प्रश्न इंग्रजीत लिहिताना मात्र थबकतात, आणि बहुतेक वेळा शब्दाचा अर्थ ठाऊक नसल्यामुळे थबकत नाहीत. अर्थ सगळ्यांनाच ठाऊक असतो. अडचण असते ती तो शब्द वाक्यात कोठे ठेवायचा, त्याचे स्पेलिंग कोणते आणि मराठीतल्या प्रत्येक ‘कोणाचा’साठी तो चालतो का, या तीन गोष्टींची.

तो शब्द म्हणजे डब्ल्यू, एच, ओ, एस, ई या पाच अक्षरांचा ‘हूज’. त्यातला शेवटचा ‘ज’ हा ‘आज’मधल्या ‘ज’सारखा उच्चारावा, ‘जीव’मधल्यासारखा नव्हे. याच उच्चाराचा दुसरा एक शब्द इंग्रजीत आहे, ज्यात ‘हू’नंतर अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह आणि मग एस येतो. घोटाळा टाळण्यासाठी या लेखात पहिला शब्द ‘हूज’ असा आणि दुसरा ‘हू’ज’ असा लिहिला आहे.

एकच रूप, पण जागा ठरलेली

मराठीत षष्ठी विभक्तीचा प्रत्यय पुढच्या नामाप्रमाणे बदलतो. कोणाचा टॉवेल, कोणाची चादर, कोणाचे घर, कोणाच्या चादरी, कोणाच्या घरात, अशी लिंग, वचन आणि सामान्यरूप या तिन्ही गोष्टींची दखल मराठी घेते. इंग्रजी यांपैकी कशाचीही दखल घेत नाही. टॉवेल असो, चादर असो की दहा चादरींचा गठ्ठा असो, ‘हूज’ हा ‘हूज’च राहतो. येथे गंमत अशी आहे, की घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या सोलापूरकर मुलाला ही गोष्ट मराठी भाषक मुलापेक्षा लवकर पटावी, कारण तेलुगूत ‘एवरि इल्लु’ म्हणजे कोणाचे घर आणि ‘एवरि पुस्तकालु’ म्हणजे कोणाची पुस्तके, आणि कन्नडातही ‘यार मने’, ‘यार पुस्तकगळु’ असेच होते. नाम बदलले तरी त्याच्या आधीचा प्रश्नशब्द जागचा हलत नाही. त्या भाषांत प्रश्नशब्द नामाशिवाय एकटा आला, तर मात्र त्याचे रूप बदलते आणि ‘एवरिदि’ किंवा ‘यारदु’ असे होते. इंग्रजीत तेवढाही फरक नाही. ‘हूज सायकल इज धिस?’ आणि ‘हूज इज धिस सायकल?’ या दोन्ही वाक्यांत तोच शब्द त्याच रूपात आहे आणि दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. बोलण्यात पहिले अधिक ऐकू येते.

रूप बदलत नसले तरी वस्तू एक की अनेक हे वाक्यात कोठेतरी दिसावेच लागते, आणि ते ओझे नाम, क्रियापद आणि दर्शक सर्वनाम यांच्यावर पडते. एक टॉवेल असेल तर ‘हूज टॉवेल इज धिस?’, अनेक असतील तर ‘हूज टॉवेल्स आर धीज?’. आपल्याकडे ‘हूज टॉवेल्स इज धिस?’ असे अर्धे एकवचनी आणि अर्धे अनेकवचनी वाक्य पुष्कळदा ऐकू येते, कारण लक्ष सगळे प्रश्नशब्दाकडे असते आणि वाक्याच्या शेपटीकडे कोणी पाहत नाही.

आता जागेविषयी. मराठी वाक्यात ‘कोणाची’ हा शब्द बराच मोकळा असतो. ‘ही सायकल कोणाची आहे?’, ‘कोणाची आहे ही सायकल?’, ‘ही कोणाची सायकल आहे?’ या तिन्ही वाक्यांनी काम भागते, फरक पडतो तो केवळ भर कशावर द्यायचा याचा. इंग्रजी प्रश्नात ‘हूज’ची जागा वाक्याच्या आरंभी असते आणि ज्या नामाविषयी तो विचारतो ते नाम, वाक्यात त्याच्यासोबत यायचे असेल, तर त्याला लगटूनच यावे लागते. ‘हूज इज सायकल धिस?’ हे वाक्य म्हणूनच चुकते. ‘हूज’ आणि ‘सायकल’ यांच्यामध्ये क्रियापद शिरलेले आहे. विशेषणाला मात्र मध्ये यायला हरकत नाही. ‘हूज न्यू सायकल इज धिस?’ हे बरोबर आहे. ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ ही उपपदे ‘हूज’च्या मागोमाग कधीही येत नाहीत, कारण उपपदाची जागा ‘हूज’ने आधीच घेतलेली असते, ‘हूज द सायकल’ म्हणणे हे ‘माय द सायकल’ म्हणण्याइतकेच विचित्र आहे. ‘धिस सायकल इज हूज?’ असा प्रश्नही इंग्रजीत विचारला जातो, पण तो साधारणपणे आश्चर्याने किंवा आधीचे उत्तर नीट ऐकू आले नाही म्हणून. पहिल्यांदाच विचारताना तो रूढ नाही.

‘डू’, ‘डज’, ‘डिड’ ही सहायक क्रियापदे केव्हा घ्यायची, यावरही गोंधळ होतो, पण त्याची उकल सोपी आहे. ‘हूज’ आणि त्याचे नाम मिळून वाक्याचा कर्ता होत असतील, तर सहायक क्रियापद लागत नाही. कोणाचा मोबाइल वाजला? येथे वाजणारा मोबाइलच कर्ता आहे, म्हणून ‘हूज मोबाइल रँग?’. याउलट, तू कोणाचा मोबाइल वापरलास? येथे कर्ता ‘तू’ आहे आणि मोबाइल कर्म आहे, म्हणून ‘हूज मोबाइल डिड यू यूज?’ असे व्हावे लागते. 

याच्याही पुढची अडचण प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की येते, आणि मला वाटते, चांगले इंग्रजी लिहिणारेही सर्वाधिक येथेच घसरतात. ‘ही सायकल कोणाची आहे ते मला माहीत नाही’ याचे इंग्रजी ‘आय डोंट नो हूज सायकल इज धिस’ असे केले जाते. पण हा आता प्रश्न उरलेला नाही, तो मोठ्या विधानाचा एक भाग झालेला आहे, म्हणून क्रियापद पुन्हा शेवटी जाते आणि वाक्य ‘आय डोंट नो हूज सायकल धिस इज’ असे होते. ‘त्याला विचार, हे दप्तर कोणाचे आहे’ याचेही ‘आस्क हिम हूज बॅग धिस इज’ असेच. मराठीत प्रश्न सुटा असो की वाक्यात गुंफलेला असो, शब्दांचा क्रम बदलत नाही. त्यामुळे येथे काही बदलायचे असते, याची जाणीवच आपल्याला होत नाही.

‘कोणाच्या घरी’, ‘कोणाच्या दुकानातून’ असे शब्दयोगी अव्यय किंवा प्रत्यय जोडलेले प्रश्न इंग्रजीत दोन प्रकारे मांडता येतात. बोलण्यात अव्यय शेवटी जाते, जसे ‘हूज शॉप डिड यू बाय इट फ्रॉम?’. औपचारिक लेखनात तेच पुढे येते, ‘फ्रॉम हूज शॉप डिड यू बाय इट?’. दोन्ही शुद्ध आहेत. मात्र ते गाळून चालत नाही. ‘हूज शॉप डिड यू बाय इट?’ एवढेच लिहिले तर ऐकणारा क्षणभर बुचकळ्यात पडतो, की वस्तू घेतली की दुकानच विकत घेतले.

दोन शब्द, एक उच्चार

‘हू’ज’ हा मुळात एक शब्दच नाही, ते दोन शब्दांचे आकसलेले रूप आहे. ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’ यांतली काही अक्षरे गाळली आणि गाळल्याची खूण म्हणून अपॉस्ट्रॉफी ठेवली. ‘हू’ज गोइंग टू पंढरपूर?’ म्हणजे पंढरपूरला कोण जात आहे, आणि ‘हू’ज टेकन माय टॉवेल?’ म्हणजे माझा टॉवेल कोणी नेला आहे. यांत मालकीचा प्रश्न कोठेच नाही.

हा घोटाळा केवळ आपला नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, तेही तो सर्रास करतात. त्याचे कारण समजण्याजोगे आहे. इंग्रजीत नामाला मालकी दाखवायची असेल तर अपॉस्ट्रॉफी आणि एस जोडतात, म्हणजे ‘रमेश’चे ‘रमेश’स’ होते. मग ‘हू’चे ‘हू’ज’ का होऊ नये, असे मनाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा नियम नामांचा आहे, सर्वनामांचा नाही. ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘यूअर्स’, ‘देअर्स’ आणि मालकीदर्शक ‘इट्स’ यांपैकी एकातही अपॉस्ट्रॉफी नसते, आणि ‘हूज’ याच कुळातला आहे. इतिहास पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. ‘हूज’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘ह्वॅस’ या षष्ठीच्या रूपापासून आलेला आहे, आणि संस्कृतातल्या ‘कस्य’शी त्याचे नाते मूळ धातूपर्यंत जाते. अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह इंग्रजीत आले ते १६व्या शतकात, फ्रेंचच्या प्रभावाने, आणि नामाच्या मालकीसाठी ते पुढच्या दोन शतकांत हळूहळू रूढ झाले. तोपर्यंत ‘हूज’ला मालकी दाखवण्यासाठी अशा कोणत्याही चिन्हाची गरज भासलेली नव्हती.

लिहिताना शंका आली तर शब्द उलगडून पाहावा. त्या जागी ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’ घालून वाक्य लागते का, हे पाहावे. ‘हू इज गोइंग टू पंढरपूर?’ लागते, म्हणून तेथे अपॉस्ट्रॉफी हवी. ‘हू इज सायकल इज धिस?’ लागत नाही, म्हणून तेथे पाच अक्षरांचा ‘हूज’ हवा. बोलताना या दोहोंत काही फरक नसल्यामुळे कान येथे मदत करीत नाही, आणि मोबाइलमधील स्पेलिंग सुधारणारी सोयही नेहमी विश्वासार्ह नसते, कारण दोन्ही शब्द तिच्या दृष्टीने शुद्धच असतात.

जेथे ‘कोणाचा’ म्हणजे ‘हूज’ नव्हे

आतापर्यंतचे सगळे कोणत्याही बऱ्या व्याकरणाच्या पुस्तकात सापडेल. पण मराठी माणसाची खरी फसगत त्याच्या पलीकडे होते, कारण आपली षष्ठी केवळ मालकी दाखवत नाही. ती भीती, राग, आठवण, वाट, फोन, पत्र, जेवण अशा कितीतरी गोष्टींशी माणसाचे नाते जोडते, आणि त्या प्रत्येक ठिकाणी आपण निःशंकपणे ‘कोणाचा’ विचारतो. इंग्रजी ‘हूज’ची कामाची कक्षा बरीच लहान आहे. मालकी, नातेगोते, शरीराचा अवयव, एखाद्याचे मत, चूक, पाळी किंवा कल्पना, एवढ्यापुरता तो भरवशाचा आहे. त्याबाहेर गेले की तो एकतर निरर्थक होतो किंवा, त्याहून वाईट, वेगळाच अर्थ देतो.

घरात फोन वाजतो, कोणीतरी बोलून ठेवतो आणि आतून प्रश्न येतो, ‘कोणाचा फोन होता?’. याचे ‘हूज फोन वॉज इट?’ असे भाषांतर केले, तर इंग्रज माणूस असे समजेल की टेबलावरच्या त्या हँडसेटचा मालक कोण, हे विचारले जात आहे. आपल्याला विचारायचे असते, फोन कोणी केला. म्हणून ‘हू वॉज ऑन द फोन?’ किंवा नुसते ‘हू कॉल्ड?’. पत्राचेही तसेच आहे. ‘कोणाचे पत्र आले?’ यात आपण पाठवणाऱ्याविषयी विचारत असतो. ‘हूज लेटर इज धिस?’ म्हटले तर ते पत्र कोणाच्या मालकीचे, म्हणजे बहुधा कोणाच्या नावे आलेले, असा अर्थ पुढे येतो. पाठवणारा हवा असेल तर ‘हू इज द लेटर फ्रॉम?’ असे विचारावे.

एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला आपण ‘कोणाची वाट पाहताय?’ असे विचारतो. मराठीत वाट ही नाम आहे, म्हणून तिला षष्ठी लागते. इंग्रजीत वाट पाहणे हे एकच क्रियापद आहे आणि त्याला ‘फॉर’ लागते, म्हणून ‘हू आर यू वेटिंग फॉर?’. येथे ‘हूज’ला शिरायला जागाच उरत नाही. 

राग, भीती आणि आठवण यांच्या बाबतीत तर अर्थ चक्क उलटतो. ‘तुला कोणाचा राग आला?’ या मराठी वाक्यात राग तुझा आहे, आणि ‘कोणाचा’ या शब्दाने ज्याच्यावर राग आहे त्याच्याविषयी विचारले आहे. पण इंग्रजीत ‘हूज अँगर’ म्हटले की प्रश्न रागावणाऱ्याविषयी होतो, राग नेमका कोणाच्या मनात आहे असा. त्यामुळे ‘हू आर यू अँग्री विथ?’ असेच म्हणावे लागते. ‘कोणाची भीती वाटते?’ याचे ‘हू आर यू अफ्रेड ऑफ?’, ‘कोणाची आठवण येते?’ याचे ‘हू डू यू मिस?’. मराठीत ‘आईची माया’ म्हणताना माया आईच्या मनातली असते आणि ‘आईचा धाक’ म्हणताना धाक मुलाच्या मनातला असतो. एकच प्रत्यय दोन्ही दिशांना चालतो आणि कोणती दिशा हे आपल्याला संदर्भावरून न सांगता कळते. इंग्रजीत ‘हूज’पाशी एवढा सैलपणा नाही.

पुतळ्याचे उदाहरण घेऊ. सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. १९३०च्या आंदोलनानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. बाहेरगावचा माणूस तेथे उभा राहून ‘हे कोणाचे पुतळे आहेत?’ असे विचारील, आणि त्याचा अर्थ उघड आहे. इंग्रजीत ‘हूज स्टॅच्यूज आर धीज?’ असे विचारले तर ते चूक म्हणता येणार नाही, संदर्भाने समजूनही घेतले जाईल, पण त्यातून पुतळे कोणी उभारले किंवा कोणाच्या मालकीचे आहेत, असाही अर्थ निघू शकतो. ‘हू आर धीज स्टॅच्यूज ऑफ?’ यात ती संदिग्धता राहत नाही. फोटो आणि चित्र यांनाही हेच लागू आहे. ‘हा कोणाचा फोटो?’ या प्रश्नात फोटोतली व्यक्ती, फोटो काढणारा आणि फोटो ज्याच्या पाकिटातून पडला तो, असे तिघे दडलेले असतात. ‘हूज’ त्यांतल्या शेवटच्याकडे सर्वात सरळ बोट दाखवतो.

आणखी एक जागा शाळेच्या वर्गातली आणि पंगतीतली. ‘कोणाचे झाले?’, ‘कोणाचा अभ्यास झाला?’, ‘कोणाकोणाचे जेवण झाले?’ असे प्रश्न आपण विचारतो, तेव्हा ‘कोणाचे’ हा शब्द षष्ठीत असला तरी काम करणारा तोच असतो. इंग्रजी त्या करणाऱ्याला थेट कर्ता करते, म्हणून ‘हू हॅज फिनिश्ड?’ आणि ‘हू हॅज ईटन?’. ‘हूज डिनर इज डन?’ असे म्हटले, तर स्वयंपाकघरात कोणाचे ताट तयार झाले, असे वाटेल. ‘कोणाचे पोट दुखते आहे?’ येथे पोट अवयव असूनही इंग्रजीत ‘हू हॅज अ स्टमक-एक?’ असेच रूढ आहे. आणि ‘कोणाकोणाचे’मधली द्विरुक्ती इंग्रजीत आणता येत नाही. ‘कोणाकोणाचे फॉर्म राहिले?’ याचे ‘हूज फॉर्म्स आर पेंडिंग?’ एवढेच होते. मालक एक की अनेक, हे ‘हूज’ सांगत नाही, आणि ‘हूज हूज’ असे दोनदा म्हणून तो सांगू लागत नाही.

मग ओळखायचे कसे? माझ्या मते नियम पाठ करण्यापेक्षा आधी उत्तराकडे पाहावे. आपल्या प्रश्नाचे इंग्रजी उत्तर एका नावाला अपॉस्ट्रॉफी-एस लावून देता येत असेल, म्हणजे ‘रमेश’स’ एवढे पुरत असेल, तर प्रश्न ‘हूज’ने सुरू होतो. उत्तर ‘फ्रॉम रमेश’, ‘फॉर रमेश’, ‘विथ रमेश’, ‘ऑफ रमेश’ असे येणार असेल, तर प्रश्न ‘हू’ने सुरू होतो आणि ते शब्दयोगी अव्यय प्रश्नाच्या शेवटी जाते. उत्तर नुसते ‘रमेश’ असेल, तर नुसता ‘हू’ पुरतो. कोणाचा फोन होता? उत्तर ‘रमेश’. कोणाचा फोन हरवला? उत्तर ‘रमेश’स’. मराठीत जुळे दिसणारे हे प्रश्न या कसोटीवर लगेच वेगळे होतात.

औपचारिक लेखनात अव्यय पुढे आणून ‘हूम’ वापरण्याचा प्रघात आहे, ‘फॉर हूम आर यू वेटिंग?’ असा. तो शुद्ध आहे, पण आजच्या बोलण्यात फारसा नाही, आणि एसटी स्टँडवर तर मुळीच नको.

कशाची, कोणत्याची, ज्याची

प्रश्नार्थक ‘हूज’ माणसांविषयीच विचारतो; फार तर प्राणी किंवा संस्था. ‘कशाचा’साठी तो चालत नाही. ‘ही कशाची चटणी आहे?’ या प्रश्नाचे उत्तर शेंगांची असे येते, आणि इंग्रजीत प्रश्न ‘व्हॉट इज धिस चटणी मेड ऑफ?’ असा होतो. ‘ही कोणाची चटणी आहे?’ म्हणजे डबा कोणाचा, तेथे ‘हूज’. आणि अनेकांतून एक निवडायचा असेल तर ‘विच’ घेऊन मालकीची खूण नामाला जोडावी लागते. कोणत्या मुलाची सायकल? ‘विच बॉय’ज सायकल?’. कोणत्या टेबलाचा पाय मोडला? ‘विच टेबल’स लेग इज ब्रोकन?’; येथे ‘हूज लेग’ विचारले तर दवाखान्यातला प्रश्न वाटेल.

‘हूज’ प्रश्नाबाहेर येऊन दोन वाक्ये जोडू लागला की मात्र हे बंधन सुटते. तेव्हा तो मराठीतल्या ‘ज्याचा, जिचा, ज्यांचा’ यांचे काम करतो आणि वस्तूंनाही चालतो. ‘द सिटी हूज चादर्स आर फेमस इज सोलापूर’ हे निर्दोष इंग्रजी आहे. ‘हूज’ केवळ माणसांसाठीच, असे काही शिक्षक आजही बजावतात, पण उत्तम इंग्रजी लेखक कित्येक शतके तो वस्तूंसाठी वापरत आले आहेत. जुन्या इंग्रजीत तर ‘कोण’ आणि ‘काय’ या दोहोंची षष्ठी एकच होती. त्याऐवजी ‘द चादर्स ऑफ विच’ अशी अवघड रचना करण्याचे कारण नाही.

येथे मराठी सवय दोन प्रकारे आड येते. आपण ‘ज्या शहराच्या’ म्हटले की पुढे ‘त्या शहराचे’ म्हणतो, आणि तेच इंग्रजीत नेऊन ‘दॅट सिटी’ असे पुन्हा लिहितो. इंग्रजीत ‘त्या’ची जोडी लागत नाही. दुसरे, ‘द बॉय हूज हिज फादर’ असे दुहेरी षष्ठीचे वाक्य तयार होते; ‘हूज’मध्ये ‘त्याचे’ आधीच आलेले असल्यामुळे ‘हिज’ गाळावे. अशा वाक्यात स्वल्पविरामही महत्त्वाचा असतो. ‘डॉक्टर कोटणीस, हूज होमटाउन वॉज सोलापूर, वेंट टू चायना इन १९३८’ यात दोन्ही बाजूंना स्वल्पविराम आहे, कारण कोटणीस कोण हे आधीच ठरलेले आहे आणि मधला मजकूर केवळ जास्तीची माहिती देतो. मधल्या मजकुरावरूनच व्यक्ती ओळखायची असेल, तर स्वल्पविराम देऊ नये.

‘कोणाचे तरी’, ‘कोणाचेही’, ‘कोणाचेच नाही’ यांचा ‘हूज’शी संबंध नाही, ते अनुक्रमे ‘समबडी’ज’, ‘एनीबडी’ज’ आणि ‘नोबडी’ज’ होतात. ‘आणखी कोणाचा?’ हा मात्र प्रश्न आहे आणि तो आज ‘हू एल्स’स?’ असा विचारतात. मालकीची खूण ‘हू’ला न लागता ‘एल्स’ला लागते.

उत्तर देताना

‘हूज’च्या प्रश्नाला एकशब्दी उत्तर देताना आपण ‘माय’ म्हणून मोकळे होतो, कारण मराठीत ‘माझे घर’ आणि ‘घर माझे’ यांत शब्द तोच असतो. इंग्रजीत नाम सोबत नसेल तर ‘माइन’, ‘यूअर्स’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ अशी वेगळी रूपे लागतात. ‘हिज’ तेवढा दोन्हीकडे सारखा. नाव सांगायचे असेल तर ‘इट इज ऑफ रमेश’ असे न म्हणता ‘इट’स रमेश’स’ म्हणावे.

वडीलधाऱ्यांविषयी बोलताना एक खास मराठी चूक होते. आपण आदरार्थी अनेकवचन वापरतो, ‘आजोबांचा चष्मा’, ‘सरांची बॅग’, आणि तोच आदर इंग्रजीत नेताना अपॉस्ट्रॉफी एसच्या पलीकडे जाऊन बसते. तसे लिहिले तर आजोबा एकापेक्षा अधिक होतात. इंग्रजीत आदर वचनातून दाखवला जात नाही, म्हणून ‘ग्रँडफादर’ हा शब्द पूर्ण लिहून मग अपॉस्ट्रॉफी आणि त्यानंतर एस. चष्म्याचे उलट आहे. मराठीत तो एक असला तरी इंग्रजी ‘ग्लासेस’ अनेकवचनी आहे, म्हणून प्रश्न ‘हूज ग्लासेस आर धीज?’ असा आणि उत्तर ‘दे आर ग्रँडफादर’स’ असे. चष्मा एक, आजोबाही एकच, तरी क्रियापद मात्र अनेकवचनी.